पटसंख्या नऊ

वनकुसवड्याच्या पठारावर नऊ पोरांची शाळा.
वारा दार आपटतो, म्हणून उंबऱ्यात वरवंटा.

बिरू येडगे तिसरीत,
अक्षर काही धरत नव्हता.
मी तक्ते लावले, खडे मांडले,
एकदा ओरडलेही.

खिचडीवाल्या हौसामावशींनी त्याला
तांदळाच्या पोत्याशी उभं केलं.
"वाच रं, काय लिवलंय? मला कुठं येतंय!"

रोज एक अक्षर.
पोतं सरेतोवर 'तांदूळ' झालं, मग 'किलो',
मग पवनचक्कीच्या खांबावरचं
'धोका'. ते तर तो घरी जाताना
मेंढरांनाही वाचून दाखवायचा.

परवा मानधनाच्या कागदापुढं
मावशींनी शाईचं पॅड बाजूला सारलं,
पेन मागितलं.
'ह' काढला, आणि बिरूकडे पाहिलं.

"शेपटी राहिली," तो म्हणाला.