वरचं

पुस्तकात छापलंय : श्रेणी मध्यम.
चढ सातशे मीटर, जाऊन-येऊन सहा तास,
सवय असलेल्यांना अडचण नाही.
नुओतने चष्मा कपाळावर सरकवला.
"सवय कुणाला? मला की गुडघ्याला?"
गुडघा नवा आहे, आठ महिन्यांचा,
आमच्या जिन्याखेरीज त्याने अजून एकही डोंगर पाहिलेला नाही.

टेबलावर बाबांचा नकाशा.
घडीवर घडी पडून नेमकं तळंच झिजलंय,
तिथे आता नखाएवढं भोक
आणि भोकात टेबलाचं लाकूड.
नकाशावर त्याला तीन शब्दांचं नाव होतं.
घरात आम्ही नुसतं 'वरचं' म्हणायचो.
वरचं गोठलं का. वरचं सुटलं का.
गायी वरच्यापर्यंत पोचल्या का.

समासात त्यांच्या पेन्सिलीचे आकडे,
एकाखाली एक, वाण्याच्या बिलासारखे :
दोन तास दहा.
दोन पस्तीस.
तीन, लादिनासह
(लादिना म्हणजे मी; अर्धी वाट त्यांच्या पाठीवर,
त्यांच्या कॉलरला धुराचा आणि मेंढीच्या लोकरीचा वास).
तीन वीस.
चार.
मग नुसतं 'पुलापर्यंत'. वेळ नाही.
खाली बेरजेची रेघ कुणी मारली नाही.

तर उद्याचं.
पोस्टाची पिवळी बस, सहा चाळीस.
उर्सिनाला सांगून ठेवलंय, लाकडाच्या वखारीपाशी सोड.
तिथे थांबा नाही, पण ती थांबते,
फक्त म्हणते, माझ्या साहेबाला सांगू नका.
लार्चच्या रानात हळू. बोलणं कमी.
दुसऱ्या गोठ्याशी बाटल्या भरायच्या,
त्यापुढे पाणी ऐकू येतं, हाती लागत नाही.
सप्टेंबर आहे, रानात शिकारी, म्हणून दोघांना लाल टोप्या.
नुओत म्हणतो, माझी चाल बघून
हरीण समजणारा शिकारी मला भेटायचाय एकदा.

थर्मासमध्ये बार्लीचं सूप. राईचा पाव.
मांस वाळवलेलं, इतकं पातळ कापलेलं
की पलीकडचं वर्तमानपत्र वाचता यावं.
काठ्या : मी म्हटलं चार, तो म्हणाला दोन.
तीन.

आता परतायची वेळ.
हा नियम घरचा, माझ्या आजोबांपासूनचा :
पाय कुठेही असोत, ठरल्या मिनिटाला पाठ फिरवायची.
तळं कुठे पळत नाही.
पळत येतात ते ढग.
मी लिहिलं साडेबारा.
त्याने खोडून एक केलं.
मी खोडून पाऊण.
त्याने पेन्सिल उचलली, कागदाकडे बघत राहिला,
आणि ठेवली.

दुसरा एक कागद मी साखरेच्या डब्याखाली सारला होता.
त्यावर फक्त पूल, पुलापाशीचं बाक,
अकरानंतर तिथे येणारं ऊन,
आणि बारा दहाची परतीची बस.
नुओत चहात साखर घेत नाही, तीस वर्षं झाली.
तरी झोपण्याआधी ओटा पुसताना मी डबा उचलला
तर कागदावर त्याच्या अक्षरात एक ओळ :
'अक्रोडाचा केक दोन्ही बेतांत हवा.'

शेजारच्या मेंगियासाठी चिठ्ठी दाराला लावली :
कुठे गेलो, कुठल्या वाटेने,
सातपर्यंत आलो नाही तर कुणाला फोन करायचा.
केकचा चौथा तुकडा तिच्यासाठी कापून ठेवला.

आणि आता, साडेदहाला, जिना वाजतोय.
चढताना तो गप्प असतो.
उतरताना मोजतो, मोठ्याने,
एका पायरीवर दोन्ही पाय टेकवून, मगच पुढचा आकडा.
चौदाला थोडा थांबला.
मी स्वयंपाकघरातून हाक मारली नाही.
पंधरा.

पिशवीत शेवटी पेन्सिल टाकली.
मग बाहेर काढून तिला टोक केलं.
मग परत टाकली.