आस

पहिल्या प्रॅक्टिकलला माझा ब्रॅकेट उडून गेला.
सॉल्व्ह दाबलं, पंखा घरघरला,
आणि उत्तर आलं: सरकला.
किती, तर एकावर चौदा शून्यं, मिलिमीटर.
ओवैसनं वहीच्या मागच्या पानावर हिशोब केला,
म्हणाला, सूर्याच्या जरा अलीकडे थांबलाय.
बेंद्रे मॅडमनी खांद्यावरून पाहिलं.
“धरलायस कुठं?”
कुठंच नाही.
“मग तो का थांबेल?”

नेरुळची ती लॅब,
जिथं एसीला फक्त कॉम्प्युटरची काळजी.
फळ्यावर दोन सळ्या, तीन नोड.
पहिलीचं कडकपण, दुसरीचं कडकपण,
आणि मधल्या नोडवर दोन्हींची बेरीज.
का, ते मला आठवडाभर कळलं नाही.
मग बेलापूरला, रिक्षाच्या मागच्या सीटवर
दोन बायकांच्या मध्ये बसले.
दोघी एकमेकींशी माझ्यातून बोलत होत्या.
तेव्हा कळलं.

घरी, दिवाळ्याला, ओट्यावर
हिराजीकाका जाळं विणत होता.
मी लॅपटॉप पुढे केला: काका, माझंही जाळंच.
एक लाख बावीस हजार तुकडे, तीन तास,
आणि शेवटी मशीनच बंद.
सुई दातातून काढून तो म्हणाला,
“येवरा बारीक कशाला गो सगलीकरं?
तोंडाला मोठा आस ठेव. बारीक खोल्यान.
मासली तिथंच व्हते ना गोला.”
मी कोपऱ्यापाशी बारीक केलं, बाकी सैल सोडलं.
चार मिनिटांत उत्तर.
कोणी शिकवलं, ते मॅडमना सांगितलं नाही.
का नाही सांगितलं, हे अजून सुटलेलं नाही.

ब्रॅकेट त्याच्याच होडीवरचा, कप्पीचा.
दोनदा तुटलेला, दोन्ही वेळा बोल्टाच्या भोकापाशी.
माझ्या पडद्यावर मात्र लाल रंग
वरच्या कोपऱ्यात, निवांत.
आणखी बारीक केलं. तिथंच लाल.
पुस्तकाप्रमाणे सगळं बरोबर, मॅडमची सही,
दहापैकी नऊ.
आणि तुटलेला तुकडा टेबलावर,
गंजाच्या बोटानं दाखवत: इथं गो, इथं.

“धरलायस कुठं?”
प्रश्न रात्री परत आला,
या वेळी आवाज माझाच.
मागची बाजू मी धरली होती भिंतीसारखी:
सरकणं शून्य, फिरणं शून्य.
पण मागं भिंत नाहीच.
सागाची फळी आहे, बारा वर्षं खाऱ्या पाण्यात मुरलेली,
बोल्ट आवळला की जराशी आत जाते
आणि कप्पीवर ओढ आली की जराशी बाहेर.
धरलं नाही तर सूर्यापर्यंत,
आणि एवढं घट्ट धरलं तर खोटं.

मॅडम म्हणाल्या, भिंतीऐवजी स्प्रिंगा लाव.
किती कडक?
“ते पुस्तकात कसं असेल?”

म्हणून रविवारी जेट्टीवर
मी, ओवैस, कॉलेजचा डायल गेज,
आणि वजन म्हणून बर्फाची गोणी, कारण तीच हाताशी होती.
काका कडेला बसून बघत होता,
जसं पोरांच्या लग्नाचा खेळ बघावा.
गोणी टांगली. काटा हलला
आणि हलतच राहिला,
कारण होडी हलत होती, कारण खाडी हलत होती,
आणि बर्फ थेंबाथेंबानं हलका होत होता.
“ओहोटीला बसंल चिखलान,” काका म्हणाला, “तवा बघ.”

थांबलो. ओवैसनं नवी गोणी आणली.
चारच्या सुमाराला होडी रुतली, थोडी कलली.
काटा दोन आकड्यांच्या मध्ये येऊन
थरथरत उभा राहिला.
मी वहीत दोन्ही लिहिले,
आणि तारखेखाली:
चिखलही दबतो.