चारशे सात

चौगुले साहेब म्हणाले, कोइमतूरचे गोविंदसामी येणार,
पंपाच्या कास्टिंगची बोलणी, दोन दिवस.
मिसेस सोबत आहेत, त्यांना गाव बघायचंय.
हॉटेल मध्यातलंच बघा. स्टँडचा आवाज नको,
अंबाबाईला चालत जाता यावं, शिरोलीला गाडी वेळेत पोचावी,
आणि मीटिंगला दहा माणसांची खोली, पडदा असलेली.
खिडकीचा नव्हे, भिंतीवरचा.

मी वहीत लिहिलं : पडदे, दोन्ही.

जन्म मंगळवार पेठेतला, सासर सोमवारातलं,
एक्केचाळीस वर्षांत या गावातल्या हॉटेलात
मी एकदाही झोपले नाही. कशाला झोपेन?
हॉटेल म्हणजे मिसळ, नाहीतर
दुसऱ्याच्या लग्नाचा हॉल.
आणि आता मला विचारतात, गादी कशी आहे.

पहिलं स्टेशन रोडला. मॅनेजरनं गादी थोपटली,
बाजारात म्हशीची पाठ थोपटावी तशी.
मीटिंगच्या खोलीत कालच्या बारशाचा एक फुगा
छताला चिकटून राहिलेला.
दुसरं दाभोळकर कॉर्नरला, काचेचं, गारेगार,
लिफ्टमध्ये बासरी. भाडं ऐकून
मी पर्स उगाच उघडली आणि मिटली.
तिसऱ्यात पांढऱ्या रश्श्याचा वास
पार वरच्या मजल्यापर्यंत. मला चालला असता.
पण त्या बाई कांदासुद्धा खात नाहीत म्हणे.

"बघून सांगतो," म्हणाले आणि जीभ चावली.
ऑफिसच्या फोनवर मी 'सांगते' असते,
घरात, गल्लीत, रिक्षात 'सांगतो'.
आमच्याकडं बायका अशाच बोलतात,
पण कोट घातलेल्या माणसापुढं
तो शब्द चपलेसारखा
बाहेर काढून ठेवावा लागतो.

चौथं, बिंदू चौकाच्या अलीकडं.
इराप्पा नावाचा पोरगा, निपाणीकडचा,
चारशे सातचं दार उघडून म्हणाला,
ताई, व्ह्यू हाय बघा.
पडदा सारला.
देवळाची शिखरं, हो.
लांब रंकाळ्याची चकाकती फीत, ऊन होतं म्हणून.
आणि खाली, बोट दाखवता येईल इतकं खाली,
निळी टाकी, झाकणावर वीट,
तारेवर सासूबाईंचं लुगडं, दोन बनियन,
आणि माझा हिरवा गाऊन,
ज्याची उसवलेली काख मी उद्या शिवणार आहे,
तीन महिने झाले.

माझं घर मी असं कधी बघितलं नव्हतं.
वरून. पाहुणे बघतात तसं.
एवढंसं होतं.
सासूबाई चटणीच्या मिरच्या उलथत होत्या,
डोळ्यांवर हात धरून त्यांनी उन्हाकडं बघितलं,
म्हणजे माझ्याकडं.
मी पडद्यामागं सरकले, चोरासारखी.

इराप्पा म्हणाला, पलीकडची खोली दाखवू काय?
तिकडनं पार्किंग दिसतंय. कायबी नडत नाही.

नको म्हटलं. कळवतो.
या वेळी जीभ चावली नाही.

गरम पाणी होतं. भिंतीवरचा पडदा
न अडकता उतरला. देऊळ अकरा मिनिटं,
घड्याळ लावून चालले,
एकाही चपलांच्या दुकानापाशी न थांबता.
साहेबांना फोन केला : चौथं घ्या.
खोलीचा नंबर त्यांनी विचारला नव्हता,
मीच सांगितला.

घरी काही बोलले नाही.
जेवणं उरकल्यावर दिव्याखाली
गाऊन शिवायला बसले.
सासूबाई म्हणाल्या, आत्ता कसली घाई?
म्हटलं, पाहुणे यायचेत.
कुठं? आपल्यात?
दोरा दातात होता.
व्हय, म्हटलं.
जवळजवळ.