मुरलेला

ओलेसुंड. तोरुन तुकडा बरणीतून काढते,
टिपते, तोलते.
नऊ महिने मिठाच्या पाण्यात,
वजन वाढलंय शेकडा सव्वा.

कोरडा तुकडा काल यंत्रात
काडकन गेला, आरपार.

हा मात्र चिरतो सावकाश.
भेगेचे दोन्ही काठ
काचेचे तंतू धरून ठेवतात,
ताणले जातात, मग सुटतात
एकेक.

आकडा कोरड्याहून मोठा.
ओइविन हसतो, "मुरलाय गडी!"

ती भिंगाखाली धरते.
सुटलेला प्रत्येक तंतू लख्ख,
अंगावर राळेचा कण नाही,
कधी चिकटलाच नव्हता जणू.

धक्क्यावर वडिलांची होडी,
ब्याऐंशी सालची. बुडाशी फोड आलेत
तांदळाएवढे.
ते म्हणतात, रंगाचं काहीतरी असेल.

शनिवारी ती
एक फोड अंगठ्याने दाबून बघणार आहे,
ते कॉफी आणायला गेले की.