समोरचा दिवा

पावणेचारला निघायचं असतं.
साडेचारला सहकारनगरची चावी,
पाचला पद्मावती, मग उताराखालच्या तीन गल्ल्या.
दांडीला बांधलेला चार फुटी पाना
आणि सायकल, जिला आजवर दिवा नव्हता.
एकवीस वर्षं दातात टॉर्च धरून पाणी सोडलं.
त्या वेळी बोलायला कुणी नसतं,
दात रिकामेच असायचे.

गेल्या महिन्यात बबन खुडे
झाकण नसलेल्या चेंबरात पुढच्या चाकासकट गेला.
पाय वाचला, चाकाचा आठ झाला.
प्लास्टरवर बोटाने ठोकत म्हणाला,
झाकण कुणी नेलं ते ठाऊक आहे मला,
पण मला ते दिसलं का नाही, तेवढं सांग.

म्हणून नाना पेठ.
मुर्तझाभाईंनी काचेवर नऊ दिवे मांडले.
हा चारशे ल्युमेन, हा आठशे,
हा बाराशे, चार्जिंगचा, पावसातही चालतो.
ल्युमेन मला कळत नाही, मला दाब कळतो.
तिसऱ्या मजल्यावर पाणी चढलं
की दाब बरा, एवढंच माझं माप.
ते म्हणाले, दिव्यांच्या दोन जाती, साहेब,
एक आपल्याला दिसावं म्हणून,
एक आपण दिसावं म्हणून.
तुम्हाला कुठला?

मी काचेकडे बघत राहिलो.
लोकांना मी दिसतो
तो पाणी आलं नाही की.

वडिलांच्या सायकलला डायनॅमो होता.
खडकीच्या फॅक्टरीतून सेकंड शिफ्ट करून यायचे,
चढावर उजेड पिवळा, उतारावर पांढरा,
आणि थांबलं की अंधार.
चौकात हवालदाराने अडवलं
की दिवा विझलेलाच असायचा.
मग वडील एका हाताने सायकल उचलून
दुसऱ्या हाताने चाक गरगर फिरवायचे,
बघा साहेब, आहे, आहे,
आणि हवालदाराच्या मिशीवर उजेड पडायचा.

बाराशेवाला एका रात्रीपुरता उसना आणला.
रेवती म्हणाली, पप्पा, मोबाईलवर अर्ध्या किमतीत मिळतो.
मिळत असेल. मोबाईल उसना देत नाही.

कालव्याकाठी लावला तर
पांढराशुभ्र पट्टा पार वळणापर्यंत.
खडी दिसली, काच दिसली,
कुत्र्यांचे डोळे आधी, कुत्री नंतर.
राजासारखा निघालो होतो.
तेवढ्यात समोरून एक बाई, डोक्यावर शेवंतीची पाटी,
जागीच थांबली. एक हात पाटीला, एक डोळ्यांवर.
आंधळी करतोस का रे मला,
आणि पाय कुठे टाकू?
एका बाजूला कालवा होता.
मी दिव्यावर तळवा ठेवला.
बोटांच्या फटीतून लाल उजेड आला
तेवढ्यात ती निघून गेली.
शेवंतीचा वास मागे राहिला थोडा वेळ.

सकाळी परत केला.
चारशेवाला घेतला, वरून कापल्यासारखा
सपाट उजेड देणारा,
रस्त्याला पुरतो, माणसाच्या हनुवटीवर जात नाही.
साडेसहाशे सांगितले, सहाशेला दिला,
वर ट्यूबचा तुकडाही, कारण क्लॅम्प
माझ्या जुन्या हँडलला सैल होत होता.
आजही खड्ड्यात थोडा खाली झुकतो.
नमस्कार केल्यासारखा.
परत वर करतो.

पहिल्या दिवशी सहकारनगरला
क्लॅम्पमधून काढून जमिनीवर ठेवला, झाकणाकडे तोंड करून.
पाना लावला. दात सवयीने आवळलेलेच होते.
टॉर्च नव्हती त्यांच्यात.
तोंड उघडलं तर आकडे निघाले,
एक आटा, दोन आटे,
मनातल्या मनात मोजायचो ते
अंधारात मोठ्याने,
माझा आवाज मलाच जरा परका,
अकरा, बारा,
वरच्या बाल्कनीतून कुणीतरी खोकलं,
तेरा,
चौदाव्याला जमिनीखाली
पाणी हललं.