सगळं ओरिजिनल

सहाला म्हणजे सहाला, असं कापडियांनी
आदल्या रात्री दोनदा फोन करून बजावलं होतं.
एम्प्रेस गार्डनच्या फाटकाशी पावणेसहालाच
बारा गाड्या, शाली, थर्मास, एक म्हातारं कुत्रं,
आणि सगळ्यांच्या मागे माझा टेम्पो:
जॅक, पाण्याचे सहा कॅन, फॅनबेल्ट, तार, साबण.
टाकी गळली तर साबण. हे अण्णांनी शिकवलेलं.
मी क्लबात नाही.
मी क्लबाच्या मागे असतो.

प्रत्येकीचा खोकला वेगळा.
डॉक्टर पानसेबाईंची मॉरिस घसा खाकरते
आणि कशाला उठलो ते विसरते.
डॉजला ओसवाल दोनदा विनवतात,
तिसऱ्यांदा मारवाडीत काहीतरी बोलतात, मग ती ऐकते.
कापडियांची हेराल्ड मात्र एका चावीत.
ते आरशात बघून मला अंगठा दाखवतात.

कात्रजच्या जुन्या घाटात पहिलं बॉनेट उघडलं.
वाफ. मी कॅन घेऊन धावलो.
कर्नल म्हणाले, बंद नाही पडली, मीच थांबलोय, देखावा बघायला.
देखावा म्हणजे खाली पसरलेलं पुणं,
कुठं संपतं ते न कळणारं.
पानसेबाईंनी चष्मा पुसला, म्हणाल्या,
माझ्या लग्नाच्या वर्षी इथून बोटाने दाखवता यायचं,
ते बघ आपलं घर.

खेड शिवापूरच्या टोलवर एका पोराने विचारलं,
काका, विकायची का?
कापडिया काच खाली करून म्हणाले,
तू तुझा बाप विकते काय?
मागचे ट्रकही हसले.

भोरकडे वळलो आणि वडांखालून
सगळ्यांचा वेग आपोआप चाळीसवर आला.
भाटघरच्या पाण्याकाठी चादरी पसरल्या.
थालीपीठ, खाकरे, उकडलेली अंडी.
गावातली माणसं जमली, तसे कापडिया उठले,
बॉनेटवर हात ठेवून सांगू लागले:
पासष्टला मद्रासहून निघाली तशी आहे.
सगळं ओरिजिनल. स्क्रूसुद्धा.

मी अंडं सोलत होतो.

मॉरिसच्या ॲक्सिलरेटरला लूनाची स्प्रिंग आहे.
डॉजमध्ये एक बोल्ट माझ्या मावशीच्या शिलाई मशीनचा.
आणि हेराल्डच्या डाव्या चाकामागे जो बुश आहे
तो अण्णांच्या चपलेचा तुकडा.
दुसऱ्या दिवशी कापडियांच्या मुलीचं लग्न होतं,
पार्ट मुंबईत नव्हता, मद्रासला तर नव्हताच.
अण्णांनी चप्पल काढली, बघितली, करवत लावली.
टायरच्या तळव्याची चप्पल, ती गाडीत परत गेली.
रात्री नाना पेठेतून ते एका पायात चप्पल घालून घरी आले.
आईने विचारलं, दुसरी?
म्हणाले, गाडीला दिली.

आता तो बुश चार दिवसांत घरपोच मिळतो.
मी मागवलाय. दोन वर्षं टेम्पोच्या खणात
पुडक्यासकट पडून आहे.
दर सर्व्हिसला मी खाली झोपतो, टॉर्च मारतो,
चपलेवरच्या अर्ध्या नक्षीला बोट लावतो
आणि बाहेर येऊन सांगतो, सध्या चालेल.

फोटो काढायची वेळ झाली, तो मीच काढला.
निघताना कापडिया टेम्पोच्या खिडकीशी आले.
डावीकडे कुरकुर आवाज येते, म्हणाले,
तीस वर्षं येते.
मी म्हटलं, बघू का?
ते गाडीकडे बघत राहिले थोडा वेळ.
नको रे, म्हणाले, राहू दे. सवय झाली.

अंधारात परत कात्रजचा चढ.
पुढे बारा गाड्यांचे तांबडे, मिणमिणते, कमीजास्त दिवे.
बोगद्यात मी रेडिओ बंद केला, काच खाली केली.
हेराल्ड माझ्यासमोर होती.
खड्डा आला की डाव्या बाजूला,
एकाच पायातली,
चप्पल वाजत होती.