झाडावरून पडल्यास

कुपवाड्याच्या वरच्या अंगाला आमचं नागवन.
माझ्या पिशवीत अंगठ्याचं यंत्र
आणि तीन योजनांचे तीन रंगांचे कागद.
बँकेची मी सखी: पगार नाही, नावामागे थोडं कमिशन.
तोंडावर मला विमावाली म्हणतात,
पाठीमागे काय म्हणतात ते वेगळं.

सगळं सांगून टाकायचं असतं अक्रोड भरण्याआधी,
माणसं लांब काठ्या घेऊन वर चढण्याआधी.
म्हणून मे महिन्यातच जाऊन बसले
खजीरभाईंच्या ओसरीवर.

"हे वीस रुपयांचं. वर्षाला वीस.
अपघातात दोन्ही पाय गेले तर दोन लाख.
एक गेला, एक लाख."
"आणि अर्धा?"
"अर्ध्याला काही नाही."
"म्हणजे पडायचं तर नीट पडायला हवं."
ओसरी हसली. मीही हसले,
धंद्यात हसावं लागतं.

"हे चारशे छत्तीसचं. जीव गेला तर दोन लाख, घरच्यांना."
आत भांडं आपटलं.
"आणि जगलो तर?"
"तर ते पैसे गेले."
"वाया?"
मला शब्द सापडेना.
हो म्हटलं तर विकणार कसं,
नाही म्हटलं तर खोटं.
त्यांनी वीसवर अंगठा ठेवला आणि उठले.
तेवढ्यात मुगली आपा हात पुसत बाहेर आली:
"ते मोठं माझ्या नावावर लिही.
मी झाडावर चढत नाही,
पण मरणार मीही आहे."
अंड्यांचे पैसे होते. सगळ्या नोटा ओल्या.

तिसरा कागद फुकटचा, इस्पितळाचा.
फुकटच्या कागदावर गावाचा संशय जास्त.

रात्री बारीक टाइपातले नियम वाचत होते.
साप चावल्यास, झाडावरून पडल्यास
दवाखान्याची लगेचची नोंद चालेल,
असं काहीसं.
थांबले. पुन्हा वाचलं.
झाडावरून पडल्यास.
दूर कुठेतरी पंख्याखाली बसून
कुणीतरी आमचं झाड लिहिलं होतं.
त्याच्याकडे ताड असेल, आंबा असेल,
त्याचंही कुणी पडलं असेल.

मे संपताना याद्या पाहिल्या.
खजीरभाईंच्या खात्यात चौदा रुपये.
वरचे सहा मी टाकले.
खालच्याच ओळीत गनी लोनचे अकरा होते.
त्याचे नऊ नाही टाकले.
का, ते मला आजही नीट सांगता येत नाही.
तो त्या वर्षी पडला नाही.
पण अक्रोड उतरेपर्यंत
मी त्याच्या झाडाखालची वाट सोडून
ओढ्याकडून जात होते.

पडले ते खजीरभाई.
सत्तर फुटांवरून, बांधाच्या दगडांवर.
हात शाबूत, सालींच्या रसाने काळेकुट्ट.
कमरेखाली काही नाही.

श्रीनगरात ऑपरेशन झालं, कार्डावर, एक पैसा न देता.
टॅक्सीला नऊ हजार लागले.
पाठीच्या जखमांची मलमं,
मोठ्या माणसाचे लंगोट,
आपाचे बुडालेले दिवस,
हे कुठल्याच रंगाच्या कागदावर नव्हतं.
दोन लाखांसाठी पाच खेपा घातल्या,
कारण आधारवर खजीर, पासबुकात खिजर.
साहेबांनी विचारलं, हे दोघे एकच कशावरून?
मी म्हटलं, दोघांचेही पाय गेलेत.

पैसे आले.
सहा रुपयांचं मी कुणाला बोलले नाही.

परवा पुन्हा मे.
खजीरभाई खिडकीशी, मांडीवर सूप,
गेल्या वर्षीचे अक्रोड फोडत होते.
मला म्हणाले, "नीट पडलो ना?"
कुणी हसलं नाही, मग तेच हसले.
आपाने चारशे छत्तीस मोजले,
दोनदा मोजले, सुटे छत्तीससुद्धा,
आणि माझ्या मुठीत कोंबले.
"घे," म्हणाली,
"याही वर्षी वाया घालव."